ग्रीसचा एईके अथेन्स क्लब, बास्केटबॉलमध्ये एवढा मान का?

खान्देशी_हूप्स (धुळे): राम राम भाऊ, आमच्या इथं पोरं फक्त एनबीए बघतात, पण मला युरोपातले जुने क्लब समजून घ्यायचेत. एईकेची सुरुवात कशी झाली?

भुसावळवाला: भाऊ, हा क्लब निर्वासितांचा. तुर्कस्तानातून उखडून आलेल्या ग्रीक लोकांनी १९२४ मध्ये अथेन्समध्ये काढला, म्हणून चिन्हात त्यांच्या जुन्या बायझंटाइन साम्राज्याचा दोन डोक्यांचा गरुड. आणि खरी गोष्ट ४ एप्रिल १९६८ ची, कप विनर्स कपची (आपापल्या देशाचा कप जिंकलेल्या युरोपातल्या क्लबांची स्पर्धा) फायनल, समोर स्लाव्हिया प्राग, मॅच कुठं तर संगमरवरी पॅनाथेनाइक स्टेडियममध्ये, जिथं १८९६ चं ऑलिंपिक झालं, उघड्या आभाळाखाली! ऐंशी हजाराच्या आसपास लोक होते म्हणतात. ८९-८२ नी जिंकले, बास्केटबॉलमध्ये युरोपातली स्पर्धा जिंकणारा पहिला ग्रीक क्लब. अमेरिकानोस नावाचा खेळाडू होता त्यात, त्याच्याबद्दल जरूर वाच.

चोपडा_१२: अगदी बरोबर. मला तर ती मॅच पॅनाथिनायकोसच्या (अथेन्सचाच दुसरा क्लब) सात युरोलीगपेक्षा, म्हणजे युरोपातल्या सगळ्यात मोठ्या क्लब स्पर्धेच्या सात विजेतेपदांपेक्षा, मोठी वाटते, कारण घरदार गमावलेल्यांच्या पोरांनी ते केलं. पुढं २००० मध्ये सपोर्टा कप (कप विनर्स कपचंच नंतरचं नाव) जिंकला, मग पैशाची वाट लागून क्लब खालच्या डिव्हिजनला गेला, तरी २०१८ मध्ये घरच्या मैदानावर मोनॅकोला १००-९४ हरवून बास्केटबॉलची चॅम्पियन्स लीग घेतलीच!

खान्देशी_हूप्स: लई भारी भाऊ, १९६८ च्या मॅचचे फोटो शोधतो आता.