गोवंडीच्या भिंतीवर वड रंगवला म्हणजे बाग मिळाली का?

हार्बरवाली: काल इथे एकाने फोटो टाकला, मुंबईत गोवंडीतल्या झोपडीवाल्यांच्या पुनर्वसनाच्या बिल्डिंगवर चार मजली वड रंगवलाय आणि खाली लिहिलंय "बाग नसलेल्या वस्तीला अखेर हिरवळ मिळाली". लोकांनी बदाम टाकलेत. मला राहवेना म्हणून वेगळा धागा काढतेय. मी नऊ वर्षं अशाच कॉलनीत काढलीत. दोन बिल्डिंगांमधली गल्ली एवढी अरुंद की समोरच्या काकू खिडकीतून हात लांब करून कोथिंबीर द्यायच्या, आणि खालून जाताना भर मे महिन्यात आम्ही छत्री उघडायचो कारण वरून कधी काय पडेल नेम नाही. लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख या अशाच कॉलन्यांमध्ये टीबी आणि घरात न येणारा उजेड यांचा संबंध दाखवणारा अभ्यास २०१८ ला आलाय. तिथे हिरवा डिस्टेंपर मारून कोणाच्या छातीत हवा जाणार आहे?

रंगारी_चेंबूर: ताई राग समजतो पण सरसकट बोलू नका. मी अशा तीन वस्त्यांत भिंती केल्यात. भिंत घासायच्या आधी खालचा राडारोडा उचलावा लागतो, तो वस्तीतल्या पोरांनी आमच्यासोबत उचलला, पंधरा दिवस. आता संध्याकाळी तिथे बाया बसतात, आधी तिथून नाक धरून जायचे. २०२३ ला नटवर पारेखमध्येच गोवंडी आर्ट्स फेस्टिव्हल झाला, तिथल्या पोरांनीच भिंती रंगवल्या, कंदील घेऊन फिरले. गोवंडी म्हटलं की कचऱ्याचं डंपिंगच आठवणाऱ्यांनी निदान दुसरं काहीतरी बघितलं.

दादरकर७२: मूळ प्रश्न कोणी विचारणार का? उद्यानासाठी राखून ठेवलेल्या प्लॉटांवर अतिक्रमण कोणी केलं? आमच्या इथलं एक मैदान वाचवायला मी अकरा वर्षं सुनावण्यांना खेटे घातलेत. आणि मैदानं सगळ्यांना खुली आहेत, शिवाजी पार्कला कोणी अडवलंय का तुम्हाला?

हार्बरवाली: दोन पोरं घेऊन गोवंडीहून हार्बर लोकल, कुर्ल्याला पूल चढून गाडी बदला, मग दादर, मग चालत. एका झोपाळ्यासाठी? एकदा करून बघा काका, मग बोला.

डबा_दुपारचा: सगळ्यांना खुली म्हणे! माझी आई घरकाम करायची, दोन कामांच्या मधे दीड तास मोकळा. समोर मोठी बाग, आत बाकडी, आणि दुपारी गेटला कुलूप. तिने बारा वर्षं त्या कुंपणाला टेकून फुटपाथवर डबा खाल्ला. सकाळी चालणारे आणि संध्याकाळी नातवंडं आणणारे यांच्या सोयीने वेळा ठरतात.

दादरकर७२: कुलूप नाही लावलं तर गर्दुल्ले बसतात. आमच्याकडे बाकडी तोडून नेलीत.

डबा_दुपारचा: माझ्या आईची गर्दुल्ल्यांशी बरोबरी करताय तुम्ही. शब्द मागे घ्या.

दादरकर७२: आईंबद्दल बोललो नव्हतो, तरी लागलं असेल तर मागे घेतो. वॉचमन ठेवून दुपारी उघडावी, हे मान्य.

एक_वाचक: धागा कुलपात अडकला. जर्मनीत कासेलला १९८२ मध्ये योझेफ बॉइस या कलाकाराने ७००० ओक लावायचं काम काढलं. म्युझियमसमोर ७००० बसाल्टचे दगड रचले, एक झाड लागलं की एक दगड उचलून त्याच्याशेजारी रोवायचा. जेवढा ढीग तेवढी झाडं बाकी, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसायचं. बॉइस १९८६ ला गेला, शेवटचं झाड १९८७ ला त्याच्या मुलाने लावलं. कलेने बाकी काय आहे ते असं दाखवावं. आपल्याकडे दक्षिण मुंबईत क्रॉस मैदानात स्टीलचा चरखा उभा राहिला, सुंदरच आहे, पण त्याच्या एका बाजूला ओव्हल, दुसऱ्या बाजूला आझाद मैदान, म्हणजे मोकळी जागा आधीच आहे तिथे.

रंगारी_चेंबूर: झाड लावायला जमीन लागते दादा, आमच्याकडे भिंतच असते.

हार्बरवाली: जमीन नव्हती कुठे? धारावीच्या कडेचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान, ३७ एकर, कचऱ्याचं डंपिंगच होतं ना ते! १९९४ ला खुलं झालं. बाया बसतात म्हणालात, तेवढं पटलं, बसायला जागा झाली ही छोटी गोष्ट नाही. पण मग वड कशाला रंगवता? शहराच्या विकास आराखड्याचा नकाशा रंगवा. वस्तीच्या वाट्याचं उद्यान कुठल्या प्लॉटवर आहे ते हिरव्या रंगात, सर्व्हे नंबरासकट, घराच्या खिडकीतून दिसेल एवढं मोठं.

रंगारी_चेंबूर: हे करेन मी. खरंच. पण परवानगीला वर्ष जाईल आणि नकाशा चुकला तर वस्तीवरच शेकेल.

दादरकर७२: नकाशा चुकणार नाही. २०३४ च्या आराखड्याच्या शीट्स आहेत माझ्याकडे, गोवंडीच्या एम पूर्व वॉर्डच्याही. कुठली कॉलनी ते सांगा. अतिक्रमणाबद्दलचं माझं मत बदललेलं नाही.