मुलाने बाटलीवर वाढवलेली कालवड ऑक्टोबरमध्ये विकली जाणार. त्याला कसं सांगू?

वाळूतलं_गवत

नमस्कार. मी अमेरिकेत नेब्रास्का राज्यात, चेरी काउंटीत राहते. त्याआधी अकरा वर्षं याच राज्यातल्या लिंकन शहरात नोकरी, तिथेच घटस्फोट झाला. पदरी मुलगा आहे, आता सात वर्षांचा. जानेवारीत कोर्टात दुसरं लग्न केलं. नवऱ्याच्या घरी चार पिढ्यांपासून गुरं आहेत, मांसासाठी वाढवतात ती, दुभती नव्हेत. फलटणहून आईबाबा यायचेत म्हणून विधी जूनमध्ये ठेवलाय. ती तारीखही गुरांनीच ठरवली म्हणा. मेअखेर वासरांना डागण्याचं काम संपतं, जुलैत गवताची कापणी सुरू होते. मधले तीनचार आठवडेच काय ते घरच्यांना मोकळे.

या भागाला सँडहिल्स म्हणतात. पन्नास हजार चौरस किलोमीटरच्या आसपास नुसत्या वाळूच्या टेकड्या, वर गवताची साय धरल्यासारखी. नांगर घातला की वाळू उडायला लागते, म्हणून इथे गुरंच. १९०४ च्या किंकेड कायद्याने इथे माणशी ६४० एकर जमीन मिळत होती, तेव्हा नवऱ्याचे पणजोबा आले. सरपणाला झाड नव्हतं. वाळलेलं शेण गोळा करून चूल पेटवायचे, असं सासूबाईंनी सांगितलं आणि मला आजीची परसातली शेणीची हुडवी आठवली. त्या दिवसापासून त्यांच्याशी बोलणं सोपं झालं.

फेब्रुवारीपासून वेतं चालू आहेत. पहिलारू कालवडी वेगळ्या वाड्यात ठेवतात आणि रात्रीसुद्धा दर तीन तासांनी बघायला जावं लागतं. दहाला सासरे जातात, एकला मी, चारला नवरा. माझी नोकरी घरूनच आहे, सकाळी आठला कॉल असतात. मुलाची शाळा पस्तीस मैलांवर. मुद्दाम सांगते, कारण हे सगळं मी आनंदाने करते आहे. एकच्या फेरीला टॉर्च फिरवली की अंधारात नुसते डोळे चमकतात. एखादी शेपटी वर करून बाजूला उभी असली की समजायचं, हिची वेळ झाली.

आता प्रश्न. मार्चच्या सुरुवातीला एका गाईला जुळं झालं, एक खोंड, एक पाडी. बाहेर उणे १९. गाईने खोंडाला चाटून उठवलं, पाडीकडे वळूनही पाहिलं नाही. नवऱ्याने पाडी उचलून आणली आणि स्वयंपाकघराच्या फरशीवर ठेवली. कानांची टोकं गारठून कडक झालेली, तोंडात बोट घातलं तर आतूनही थंड. फ्रीजरमध्ये चीक साठवलेला असतो तो कोमट करून नळीने पाजला, जुन्या टॉवेलांनी आम्ही दोघांनी अर्धा तास चोळली. आवाजाने मुलगा उठून आला आणि पहाटेपर्यंत तिच्यापाशी बसला. कपाळ पांढरं, म्हणून नाव ठेवलं चांदी.

तेव्हापासून ती त्याचीच. रोज दोनदा दोन लिटर दूध, पावडर तो स्वतः मोजतो. बाटली दोन्ही गुडघ्यांत धरतो, ती खालून ढुशा देते, आणि बूच निघालं की सगळं दूध त्याच्या बुटात. नव्या घरात, नव्या शाळेत तो फार गप्प झाला होता. आता गाडीत बसल्यापासून चांदीचंच पुराण.

परवा जेवताना त्याने विचारलं, चांदीला वासरू कधी होईल? नवरा म्हणाला, बघू. मग रात्री मला म्हणाला, ती ऑक्टोबरमध्ये बाकीच्यांबरोबर विकायला जाईल, ठेवता येणार नाही. का, ते नीट सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. मी या घरात नवी, त्यांच्या धंद्यात बोलायचा मला काय अधिकार, असं वाटलं. पण मुलगा माझा आहे. मी स्वतः बीफ खात नाही, त्याबद्दल कुणी एका शब्दाने बोललं नाही. ही माणसं चांगली आहेत. ही गुरं कुठे जातात ते मला माहीत होतं, लग्न डोळे उघडे ठेवून केलंय. मुलाला मात्र मी अजून ते धड सांगितलेलं नाही. कधी सांगू, काय शब्दांत सांगू?

माँटानाची_सून

ताई, आजच सांगा. मी सोळा वर्षं याच धंद्यातल्या घरात आहे, दोन मुली इथेच वाढल्या. थोरलीच्या खोंडाच्या वेळी मी म्हटलं होतं, "तो दुसऱ्या शेतावर राहायला गेला." नवव्या वर्षी शाळेतल्या मुलांकडून तिला खरं कळलं. वासराचं दुःख तिने पचवलं. माझं खोटं मात्र फार दिवस मनात धरलं. धाकटीला पहिल्या बाटलीच्या दिवशीच सांगितलं. ती रडली, पण नंतर काळजी जास्त घ्यायला लागली.

अजून एक. ऑक्टोबरमध्ये वासरं आईपासून तोडतात तेव्हा तीन दिवस, तीन रात्री गाई कुंपणाला लागून हंबरत राहतात. घरात झोप येत नाही. त्या आठवड्यात मुलाला पहिल्यांदा कळायला नको. त्याआधी त्याच्याकडे विचार करायला उन्हाळा असू दे.

आणि अधिकाराचं म्हणाल तर रात्री एकची फेरी तुम्ही करता. विचारा बिनधास्त.

गुरांचा_डॉक्टर

मी बारामती भागात बावीस वर्षं पशुवैद्यक म्हणून काम करतो. चांदीला ठेवता का येत नाही, याचं उत्तर तुमच्या मजकुरातच आहे: जुळं होतं आणि दुसरा खोंड होता. अशा जुळ्यात पोटात असतानाच दोघांच्या वारेच्या रक्तवाहिन्या जोडल्या जातात आणि खोंडाचे हार्मोन पाडीच्या अंगात जातात. तिचं गर्भाशय नीट वाढत नाही. अशा शंभर पाड्यांपैकी नव्वदहून जास्त वांझ निघतात. इंग्रजीत फ्रीमार्टिन म्हणतात. आपल्याकडे जुनी माणसं नुसतं "जुळ्यातली कालवड धरू नये" एवढंच सांगत.

तुमच्या यजमानांना हे जन्माच्या रात्रीच कळलं असणार. खात्री हवी असेल तर रक्ताच्या तपासणीत कळतं. थोड्या सुटतात, नाही असं नाही, पण त्या भरवशावर मुलाला आशा लावू नका. तपासणी केलीत तर निकाल लागल्यावरच त्याच्याशी त्याबद्दल बोला.

माणदेशी_आक्का

पोरी, आमच्याकडं मेंढरं. मी शाळामास्तरची लेक, दिली धनगराच्या घरात. माझा पोरगा असाच एका कोकराला कडेवर घेऊन हिंडायचा. आम्ही काही न सांगता पोराला आटपाडीच्या बाजाराला नेलं आणि तिथं कोकराचा सौदा झाला. गर्दीत कोकराचा आवाज त्याला वळखू आला. तीन दिवस पोरगं जेवलं नाही, बापाशी बोललं नाही. आता तो चाळिशीचा आहे, मेंढरंच राखतो. पर बाजाराला अजून एकटाच जातो, नातवाला नेत नाही.

तू सांग. आणि नवऱ्यालाबी संगं बसव. एकट्या आईनं सांगितलं तर पोराला वाटतं, बाप वैरी हाय. नव्या बापाचं तर जास्तच.

वाळूतलं_गवत

आक्का, तुमचं वाचून मी लगेच उठले. डॉक्टर, तुमचं म्हणणं खरं निघालं. नवरा म्हणाला, जन्मली तेव्हाच माहीत होतं, पण मुलगा टॉवेल घेऊन बसला होता आणि माझी जीभ उचलली नाही. रक्त तपासून घेतलं. वांझच आहे.

काल संध्याकाळी बाटलीच्या वेळी आम्ही तिघं वाड्यात बसलो. सांगितलं नवऱ्यानेच, जुळ्याचं, वारेचं, सगळं, वाळूत काडीने काढून. ट्रक कुठे जातो तेही. मुलाने विचारलं, मग आपण तिला वाचवलं कशाला? नवरा थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, ती थंडीत पडली होती म्हणून. मुलगा रडला, खूप रडला. त्याच्या मांडीवरून बाटली पडली तर चांदी ती जमिनीवरच चोखायला लागली, म्हणून त्याला उचलावी लागली.

रात्री झोपताना त्याने एकच विचारलं, ऑक्टोबरपर्यंत दूध कमी करणार नाही ना. डॉक्टर, पावडरच्या पोत्यावर आठ आठवड्यांनी दूध तोडा असं लिहिलंय. ती आता भरडा चांगला खाते, दिवसाला किलोभर जातो. अजून महिनाभर एक वेळची बाटली चालू ठेवली तर तिला काही त्रास होईल का?