अनुभव धागा : एकट्याने, आरव्ही घेऊन, पावसातल्या डोंगरात

मंडळी, आरव्हीच्या (आत राहायची-झोपायची सोय असलेल्या गाडीच्या) भटकंतीवर लिहिलेलं बरंच वाचायला मिळतं, पण ते बहुतेक वेळा उन्हाळ्यातलं आणि सहकुटुंब सहलीचं असतं. भर पावसात डोंगराच्या पायथ्याशी एकट्याने गाडी लावून राहणारे आणि तिथून पायी निघणारे आपल्यातही आहेत. त्यांनी इथे लिहावं म्हणून हा धागा. गाडी मोठीच हवी असं अजिबात नाही. मागच्या सीटा काढून गादी टाकलेली ईको असली तरी चालेल. फक्त "सगळं कसं हिरवंगार होतं" एवढ्यावर थांबू नका. मुक्काम कुठे केलात, ओले कपडे कसे वाळवलेत, कुठून मागे फिरलात, एकटेपणा कधी बोचला आणि कधी हवासा वाटला, हे सविस्तर येऊ द्या.

माझं मत आधीच सांगून टाकते. एकट्या माणसाला पावसात थांबून राहता येणं, ही या गाडीने दिलेली सगळ्यात मोठी सोय आहे. हॉटेल सोडायची वेळ होत नाही, तंबू गळत नाही, त्यामुळे ओढ्याचं पाणी उतरेपर्यंत खुशाल वाट बघता येते. वेगळं मत असेल तर तेही जरूर मांडा.

पोर्टलंड, ओरेगन (धागा काढणारी)

सुरुवात मीच करते. माझी आवडती जागा म्हणजे वॉशिंग्टन राज्यातल्या ऑलिम्पिक नॅशनल पार्कमधलं होहचं वर्षावन. तिथे वर्षाला साधारण १२ ते १४ फूट पाऊस पडतो. मी ऑक्टोबर संपता संपता जाते, गर्दी ओसरलेली असते. तिथला पाऊस आपल्या आषाढासारखा कोसळत नाही, दिवसरात्र नुसता झिमझिमत राहतो. मेपलच्या फांद्यांवरून शेवाळाच्या झिपऱ्या लोंबत असतात आणि पाऊस थांबला तरी त्या तासभर ठिबकत राहतात.

होह नदीकाठची पायवाट पहिले कित्येक मैल जवळजवळ सपाट आहे. एकटीने पावसात चालायला मला ती फार योग्य वाटते, कारण चढ-उताराकडे लक्ष द्यावं लागत नाही आणि वाटेल तिथून परत फिरता येतं. पाच मैलांवर नदीकाठी फाइव्ह माइल आयलंड नावाची जागा आहे, मी बहुतेकदा तिथवर जाते. एकदा धुक्यातून एल्क हरणांचा कळप नदी ओलांडताना दिसला. नर मागे राहिला होता, सगळ्या माद्या पलीकडे पोचल्यावर तो पाण्यात उतरला. शेजारी कोणी असतं तर आम्ही नक्की बोललो असतो आणि तो कळप बुजला असता.

आता गाडीचं. होहच्या कॅम्पग्राउंडवर विजेची जोडणी नाही आणि झाडी इतकी दाट की छतावरचं सोलर पॅनेल निव्वळ शोभेचं. बॅटरी जपूनच वापरावी लागते. पण खरा त्रास आतल्या दमटपणाचा. एक किलो प्रोपेन जळला की सुमारे १.६ किलो पाण्याची वाफ तयार होते. शेगडीवर खिचडी टाकली की ती सगळी वाफ आपल्याच घरात राहते आणि पहाटे गादीच्या खालच्या फळीवर पाणी साचलेलं सापडतं. गाडीतल्या फर्नेसचं तसं नाही, त्याचा धूर आणि वाफ नळीने बाहेर जाते. म्हणून उबेसाठी फर्नेस, आणि स्वयंपाक करताना छताचा पंखा चालू ठेवून एक खिडकी दोन बोटं उघडी, मग बाहेर कितीही पाऊस असो. पंख्यावर पावसाची टोपी बसवून घेतली आहे, तिच्यामुळे झडीतही झडप उघडी ठेवता येते. शेगडी पेटवून गाडी गरम करायची नाही आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बंद करायचा नाही, या दोन बाबतीत मी कुणाचंही ऐकत नाही.

ओले कपडे? न्हाणीघरात दोरी बांधून. पण तिसऱ्या-चौथ्या दिवसापर्यंत सगळ्यालाच कुबट वास यायला लागतो. मग मी सरळ गाडी काढते आणि डोंगरांच्या पलीकडे सेक्विमला जाते. ते गाव पर्जन्यछायेत आहे, तिथे वर्षाला जेमतेम १६ इंच पाऊस. नाण्यांच्या लॉन्ड्रीत सगळं वाळवायचं, ऊन खायचं आणि पुन्हा पावसात यायचं. आपल्या महाबळेश्वर आणि वाईचंच नातं हे.

निघण्याआधी रस्त्याची स्थिती बघाच. डिसेंबर २०२४ मध्ये नदीने अप्पर होह रोड तोडून नेला आणि मे २०२५ पर्यंत गाडीने तिथे पोचायचा मार्गच नव्हता. दुरुस्तीसाठी राज्याच्या पैशाला आसपासच्या लोकांच्या देणग्यांची जोड मिळाली, यावरून त्या रस्त्यावर कितीजणांचं पोट आहे ते कळतं.

क्राइस्टचर्च, न्यूझीलंड

ताई, थांबण्याबद्दल लिहिलंत ते शंभर टक्के पटलं. मी मिलफर्ड साउंडच्या रस्त्याबद्दल सांगतो. मिलफर्डला वर्षाला सुमारे ६.८ मीटर पाऊस पडतो. ते-अनाऊ गाव सोडलं की पुढे जवळपास १२० किलोमीटर एकच रस्ता, त्यावर १९५४ साली सुरू झालेला होमर बोगदा, आणि परतीचा मार्गही तोच. जोराच्या पावसात दरड किंवा झाडं आली की रस्ता बंद होतो. फेब्रुवारी २०२० मध्ये तर तो बऱ्याच ठिकाणी तुटला आणि ट्रेकर व पर्यटकांना हेलिकॉप्टरने काढावं लागलं होतं.

मी ते-अनाऊतच कॅम्परव्हॅन लावून रस्ता उघडायची वाट बघत बसलो होतो. शेजारी भाड्याच्या गाडीतून आलेलं एक जोडपं होतं. त्यांना दुसऱ्या दिवशी क्वीन्सटाउनला गाडी परत करायची होती, बिचारे न बघताच गेले. रस्ता उघडला त्या सकाळी मी बोगद्यातून पलीकडे उतरलो आणि समोरच्या काळ्या कड्यांवर, मोजता येणार नाहीत इतके धबधबे. त्यातले बहुतेक एरवी नसतातच. पाऊस थांबला की काही तासांत नाहीसे होतात. कोरड्या दिवशी मिलफर्ड पाहिलेल्यांना हे काय असतं याची कल्पना यायची नाही.

त्याच रस्त्यावरच्या 'डिव्हाइड' नावाच्या जागेपासून 'की समिट' या माथ्यावर एकटाच गेलो. वाट चांगली आखलेली आहे, तीन तासांत जाऊन-येऊन होतं. वर धुक्यात काहीही दिसलं नाही, तरी तासभर तळ्यांच्या काठाने फिरत राहिलो. पण त्याच भागात पूल नसलेला ओढा आडवा येणारी एक वाट होती, तिथून मी परत फिरलो. पाणी गढूळ होतं आणि तळातले दगड गडगडत असल्याचा आवाज येत होता. तो आवाज आला की विषय संपला. इथल्या डोंगरातले ओढे जसे झपाट्याने चढतात तसे उतरतातही, एक रात्र गाडीत काढली की बऱ्याचदा काम होतं. एकट्याने जाणार असाल तर आणीबाणीचा बीकन (मदतीचा संदेश उपग्रहामार्फत पाठवणारं यंत्र) भाड्याने मिळतो, तो घ्या. दरीत फोनला रेंज नसते. आणि किआ पोपटांपासून वायपर आणि दारांची रबरं सांभाळा. गाडीखेरीज दुसरं घर नसताना दाराचं रबर फाटलं, तर सगळा पाऊस आत.

ग्लासगो, स्कॉटलंड

माझं छोटंसंच. इथे २००३ च्या कायद्याने डोंगरात बहुतेक ठिकाणी पायी फिरायची आणि तंबू लावायची मोकळीक आहे, पण ती गाडीला लागू नाही. हे आपल्या लोकांना माहीत नसतं. मोटरहोम कुठेही उभी करून झोपायचा हक्क नाही, परवानगी बघावी लागते. दुसरं, ॲपलक्रॉसकडे जाणारी ६२६ मीटरवरची बेलाख-ना-बा खिंड. एकपदरी रस्ता आणि नागमोडी वळणं. पायथ्याशी मोठ्या गाड्यांसाठी इशाऱ्याचा भला मोठा फलक आहे, तो मनापासून पाळा. मी किनाऱ्याच्या लांबच्या रस्त्याने गेले आणि पावसात त्या रस्त्याने जे दिसलं त्याने पोट भरलं.

वारा पडला आणि रिमझिम असली की मिजेसचे (चावणाऱ्या बारीक चिलटांचे) थवे येतात, दार उघडणं अशक्य. वारा सुटला की गायब. त्यामुळे इथे वारा सुटलेल्या दिवशी चालायला निघते आणि पडलेल्या दिवशी जाळी लावून वाचत बसते.

एकटीने भीती वाटत नाही का, असं आई दर फोनला विचारते. कॅम्पसाइटच्या मालकीणबाईंना मी कुठल्या वाटेने जातेय आणि किती वाजेपर्यंत परतेन हे कागदावर लिहून देते. एकदा उशीर झाला तर त्या छत्री घेऊन फाटकापाशी उभ्या होत्या. ओळखदेख नसताना कुणी असं उभं राहिलं हे मी आईला अजून सांगते.

चंडीगढ

पावसाळ्यात हिमाचलला गाडी नेणाऱ्यांनो, स्पिती पर्जन्यछायेत आहे म्हणून निर्धास्त राहू नका. स्पिती कोरडी असली तरी तिथे जाणारे रस्ते कोरडे नसतात. जुलै २०२३ मध्ये बियासच्या पुराने मंडी-कुल्लूचा रस्ता गेला आणि वर चंद्रतालला अवेळी बर्फ पडून माणसं अडकली. डिझेल, पाणी, शिधा चार दिवस जादा ठेवा.

नाशिक

नमस्कार. मी एसटीच्या वर्कशॉपमध्ये होतो, आता निवृत्त आहे. माझी ईको मी स्वतः सजवली आहे. मागे फळी, फळीखाली पाण्याचे कॅन आणि शिधा, छताच्या सांध्यांना सीलंट. सीलंट दर मे महिन्यात बोटाने दाबून तपासतो, कडक झालं असेल तर खरवडून नवं भरतो. एकदा पाऊस सुरू झाला की ते काम होत नाही.

माझा मुलूख भंडारदऱ्याचा. रतनवाडी, साम्रद, घाटघर. घाटघरला नगर जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतात, जुलैत तिथे वायपर पूर्ण वेगाने फिरवूनही पुढचं दिसत नाही. मी शनिवार-रविवार टाळतो, मंगळवारी-बुधवारी जातो. रतनवाडीत अमृतेश्वराच्या देवळाजवळ मोकळ्या सपाट जागेवर, गावात विचारून गाडी लावतो. समोर भातखाचरांत आवणी चाललेली असते. एक आजीबाई इरलं सावरत गाडीपाशी आल्या, आत वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "एकलेच आले का बाबा? जेवला का?" संध्याकाळी त्यांच्या घरी तांदळाची भाकरी आणि पिठलं. पैसे देतो, पण त्या जेवणाचे पैसे होत नाहीत.

मी राहतो एकटा, पण पावसात गडावर एकटा चढत नाही. रतनगडाची रतनवाडीकडची वाट ओढ्याच्या काठाने जाते, ओढा ओलांडतही जाते. सकाळी घोट्याएवढं पाणी दुपारी मांडीला लागतं, कारण पाऊस वर कड्यावर पडत असतो आणि आपल्याला खाली कळत नाही. गावातला एक पोरगा बरोबर घेतो. ओढ्याशी तो थांबला की मी थांबतो. साम्रदजवळच्या अरुंद सांदण दरीचं तर पावसाळ्यात नावही काढू नये.

मुक्कामाची जागा मात्र मी स्वतः बघतो. माळीण जुलै २०१४ मध्ये गेलं, तळिये २०२१ मध्ये, इर्शाळवाडी २०२३ मध्ये. गावातली माणसं डोंगराखाली गेली, हे आठवलं की आजही अंगावर काटा येतो. पावसात डोंगर कापून काढलेल्या रस्त्याच्या कडेला, धबधब्याच्या समोर किंवा ओढ्याच्या पात्रात गाडी लावून झोपू नका, जागा कितीही देखणी असो. उतारावर नवी भेग दिसली, झाडं किंवा खांब कललेले दिसले, झऱ्याचं नितळ पाणी एकदम गढूळ झालं, तर तेव्हाच निघा आणि गावातही सांगा. मला कोणी घाबरट म्हटलं तरी चालेल.

तिथल्या धुक्याबद्दल लिहायला घेतलं तर रात्र पुरणार नाही. घाटघरच्या कोकणकड्यावर ढग खालून वर येतात, आपल्या अंगातून पार होतात आणि मध्येच पाच मिनिटं पडदा सरकून खालचं सारं कोकण दिसतं. त्या पाच मिनिटांसाठी मी अख्खा दिवस गाडीत चहा करत बसतो. घरच्यांना हे समजावता येत नाही, इथे समजेल म्हणून लिहिलं.

पोर्टलंड (धागा काढणारी)

काका, भेगेचं आणि गढूळ पाण्याचं लिहिलंत ते फार मोलाचं. सीलंटचा मुद्दा माझ्याकडून राहिला होता, इकडेही पावसाळ्याआधी छतावर चढून तेच करावं लागतं.

ओल्या बुटांबद्दल दोघांनी निरोप पाठवून विचारलंय. आतला तळवा बाहेर काढा, नाड्या पूर्ण सैल करा, वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि दर दोन तासांनी बदला. हीटरच्या तोंडाशी ठेवू नका, तळाचा गोंद सुटतो. सकाळी पूर्ण वाळले नसतील तरी कोरडे लोकरी मोजे घालून चालता येतं. झोपायचे मोजे मात्र वेगळ्या पिशवीत ठेवा आणि ते घालून कधीच गाडीबाहेर पाय टाकू नका.