क्लॉहॅमर बँजो: माझी बम-डिटी लंगडतेय, मदत हवी आहे

करवंदी:

आधीच सांगते, म्हणजे घोटाळा नको. आपल्याकडे वरातीत आणि गणपतीच्या मिरवणुकीत बटणं दाबून वाजवतात तो बँजो नव्हे. तो बुलबुलतरंगाच्या घरातला. (आईला फोनवर "बँजो शिकतेय" म्हटलं तर दोन सेकंद गप्प, मग "कुठल्या पार्टीत?") माझा आहे तो पाच तारांचा अमेरिकन बँजो. पुढे डफासारखं ताणलेलं गोल पान, मागून उघडा. आणि वाजवायची पद्धत क्लॉहॅमर, म्हणजे बोटांनी तार वर खेचायची नाही, नखाच्या पाठीने खाली मारायची.

आम्ही व्हर्जिनियात रोअनोकला राहतो. इथून पावणेदोन तासांवर गॅलॅक्स नावाचं गाव आहे, तिथे १९३५ पासून फिडलवाल्यांचा (फिडल म्हणजे व्हायोलिनच) मेळावा भरतो, ऑगस्टमध्ये. परवाच्या वर्षी सहज म्हणून गेलो होतो. स्टेजवरच्या स्पर्धेपेक्षा मजा तंबू आणि गाड्यांच्या मधल्या जागेत होती. खुर्च्या गोल टाकलेल्या, एक फिडल, दोन बँजो, एक गिटार, आणि एकच चाल पंधरा-पंधरा मिनिटं. कुणी पुढे येऊन आपलं कसब दाखवत नाही, सगळे मिळून तेच वाजवतात. मला आमच्या देवळातलं एकादशीचं भजन आठवलं. तिथेच मन बसलं.

पुढे शेजारचे आजोबा घर विकून मुलीकडे राहायला गेले तेव्हा जाताना स्वतःचा बँजो मला देऊन गेले. त्याला आता आठ महिने झाले. व्हिडिओ बघून आणि टॅब (कुठली तार, कुठला पडदा ते आकड्यांत लिहिलेला कागद) वाचून चार चाली बसवल्या. मूळ ठेका, बम-डिटी, असा: मधल्या बोटाच्या नखाने एका तारेवर फटका, मग त्याच नखाने दोन-तीन तारांवरून खाली झाडायचं, मग अंगठ्याने आखूड पाचवी तार. घरी एकटीने सावकाश वाजवते तेव्हा ठीक वाटतं. गेल्या महिन्यात इथल्या एका जॅमला, म्हणजे तशाच गोल बसून मिळून वाजवायच्या बैठकीला, धीर करून गेले आणि दोन मिनिटांत गाडी घसरली. फिडल पुढे, मी मागे, मधेच अंगठा तारेवर पोचतच नाही. शेजारी बसलेल्या बाई हसून म्हणाल्या, "तुझ्या बुटात खडा गेलाय का?" चांगल्या मनाने म्हणाल्या, पण घरी येईपर्यंत तेच डोक्यात.

तर प्रश्न हे. ठेका लंगडतोय तो नक्की कुठे? रेकॉर्डिंगचा दुवा खाली देतेय, लाज सोडून. दुसरं म्हणजे नख. भांडी घासून घासून माझी नखं टिकत नाहीत. आणि तिसरं, टॅब समोर नसेल तर मला एक सूरही सुचत नाही, जॅममध्ये तर कागद कुणाकडेच नसतो. पेटीवर कुठलंही गाणं ऐकून काढता येतं मला, मग इथेच काय होतं?

ता.क. ड्रॉप थंब शिकायला घेऊ का? एका व्हिडिओत म्हणतात की त्याशिवाय हे वादन अपुरं.

ढोलपथक_माजी:

आईंचा प्रश्न रास्त आहे. आमच्या चाळीत बँजो पार्टीची तालीम चालायची, अजून कान गुंजतात. मदत काही करता येणार नाही, पण वाचतोय.

सुरमई:

तीन बोटांत नख्या घालून वाजवा की, सुटसुटीत आणि कितीही वेगात जाता येतं. अर्ल स्क्रग्जचं वादन ऐका.

उलटी_मूठ:

सुरमई, ते ब्लूग्रास, स्क्रग्जच्या पद्धतीचं वेगळं संगीत. वाद्य तेच पण हात पूर्ण वेगळा, तिथे अंगठा आणि दोन बोटं तारा खेचतात. करवंदीताईंना हवं आहे ते त्याच्या आधीचं. रस्सा मागितलेल्या माणसाला बिर्याणी वाढण्यासारखं झालं.

ताई, रेकॉर्डिंग तीनदा ऐकलं. हात चांगला आहे, आवाज स्वच्छ आहे. घोळ एकच: तुम्ही दादरा वाजवताय.

खरंच. बम, डि, टी हे तीन आवाज तुम्ही सारख्या अंतरावर ठेवलेत. नावात तीन अक्षरं आहेत त्यामुळे आपल्या लोकांचं हमखास असं होतं, माझं वर्षभर झालं होतं. पण चालीची गाडी चारावर चालते. चार मात्रा मोजा: एकवर फटका, दोन रिकामी, तीनवर झाडणी, चारवर अंगठा. "धा – तिं ना" असं तोंडाने म्हणा. ती मधली रेघ म्हणजेच सगळं. सावकाश वाजवताना दादरासुद्धा गोड लागतो म्हणून घरी कळत नाही. फिडल आलं की ते चारात आणि तुम्ही तिनात, दर फेरीला थोडं थोडं अंतर पडत जातं. बुटातला खडा तो हाच.

आता अंगठा पोचत नाही त्याचं. तो उशिरा निघतो म्हणून पोचत नाही. नख तारेवर पडतं त्याच क्षणी अंगठा पाचव्या तारेवर *टेकलेला* हवा. वाजवलेला नव्हे, टेकलेला. मग हात वर जाताना तो तारेवरून आपसूक सुटतो, तो सुटण्याचाच आवाज. अंगठ्याने तार शोधायला जायचंच नाही, तो आधीपासून तिथेच बसलेला असतो. तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये चौथ्या मात्रेआधी नखाचा एक बारीक खरखर आवाज येतो, तो अंगठा घाईने खाली येतानाचा.

उपाय म्हणून महिनाभर चाल बाजूला ठेवा आणि फक्त डबल थंबिंग करा. एकवर फटका, दोनवर अंगठा, तीनवर फटका, चारवर अंगठा. पाचवी तार दोनवरही वाजली पाहिजे आणि चारवरही. हे अंगात मुरलं की दोनवरचा अंगठा टेकवा पण वाजवू नका, आणि तीनवर एका तारेऐवजी झाडा. झाली तुमची बम-डिटी, आणि या वेळी रिकामी मात्रा खरोखर रिकामी राहील. मेट्रोनोम ६० वर ठेवा, टिक एक आणि तीनवर धरा.

ड्रॉप थंब आत्ता नको. ते डबल थंबिंगच आहे, फक्त अंगठा पाचवीवर टेकण्याऐवजी आतल्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या तारेवर उतरतो. पाया तयार नसताना घेतलंत तर दोन्ही बिघडेल. आणि त्याशिवाय वादन अपुरं वगैरे काही नाही. नुसत्या बम-डिटीवर आयुष्यभर नाचणाऱ्यांना नाचवलेली माणसं तुमच्याकडच्याच अ‍ॅपलाचियन डोंगरात होऊन गेली.

हाताबद्दल एक. बोट झटकू नका. बोटं अर्धी मिटलेली, अंड्याभोवती धरल्यासारखी, आणि हालचाल मनगटातून. ओले हात झटकतो तशी. बोट सांध्यातून उघडलं की नख दर वेळी वेगळ्या जागी पडतं.

चिकारी:

मी सतारवाला, बँजो कधी हातात धरलेला नाही, पण हे वाचून गंमत वाटली. ती पाचवी तार म्हणजे आमची चिकारीच की. उंच सूर, बोटं कधी दाबत नाहीत, आणि सुरापेक्षा लयीसाठी जास्त. ती आखूड का असते?

उलटी_मूठ:

तिची खुंटी मानेच्या मध्यावर, पाचव्या पडद्याशी असते, डोक्याशी नाही. ही रचना आफ्रिकेतून आली. सेनेगल आणि गॅम्बियाच्या भागात जोला लोकांचं अकोंटिंग नावाचं वाद्य आहे, भोपळ्यावर चामडं ताणलेलं, तीन तारा, त्यातली एक आखूड, आणि वाजवतातही असंच: नख खाली, अंगठा आखूड तारेवर. गुलाम म्हणून आणलेल्या माणसांनी ते सगळं इकडे हातात आणलं. १८५५ साली ब्रिग्जच्या नावाने बँजोचं शिकवणीपुस्तक छापलं गेलं, त्यातही हाच खाली मारायचा हात आहे. बँजो म्हटलं की लोकांना डोंगरातले गोरे शेतकरी आठवतात, पण हात मुळात त्यांचा नाही.

बरं, टॅबचा प्रश्न राहिला, आणि ताई, तो मला सगळ्यात सोपा वाटतो, कारण तुम्ही पेटीवाल्या. टॅब आकड्यांचा कागद आहे, त्यात चाल दिसत नाही. तुम्ही सरगमने बघा. तारा लावायची साधी 'जी' पद्धत (ट्यूनिंग) घ्या, पेटीवरची पांढरी पाच, म्हणजे इंग्रजी 'जी', तो सा. पाचवी तार वरचा सा. मग चौथीपासून पहिलीपर्यंत: मंद्र प, सा, ग, प. झालं, तुमच्यापुढे तानपुरा उभा आहे.

आता "ओल्ड जो क्लार्क" घ्या, जॅममध्ये हमखास निघते. पहिल्या भागाची सुरुवात प ध नि ध प म ग, आणि तो नि कोमल. सगळी गंमत त्या कोमल नीत आहे, खमाजाची आठवण येते. पहिली तार मोकळी म्हणजे प, दुसऱ्या पडद्यावर ध, तिसऱ्यावर कोमल नि. मग उलट परत. दुसऱ्या तारेच्या पहिल्या पडद्यावर म, मोकळी सोडली की ग. एवढंच. हे सूर एकवर ठेवा, उरलेली जागा झाडणी आणि अंगठा भरतात. सगळे सूर वाजवायचा अट्टहास नको, सांगाडा पुरे, मांस फिडल घालतं.

जॅममध्ये हीच चाल 'ए' मध्ये, म्हणजे सा एक सूर वर धरून, घेतात. दुसऱ्या पडद्यावर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावायचा आणि पाचवी तार दोन पडदे वर.

नखाचं: बोटाच्या टोकापेक्षा तांदळाएवढं बाहेर आलं की पुरतं, लांब नख उलट अडकतं. मधलं टिकत नसेल तर तर्जनी वापरून बघा, दोन्ही चालतात. पार्लरमध्ये एकाच बोटाला ॲक्रिलिक करून घेणारे मला तीन-चार माहीत आहेत. पिंगपाँगचा चेंडू कापून नख चिकटवणारेही. हसू नका, आवाज बरा येतो.

जांभूळवाट:

एक भर. फ्लॅटमध्ये राहत असाल तर पानाच्या मागे, आतल्या दांड्याला टेकून जुना मोजा कोंबा. आवाजही मऊ होतो आणि शेजारीही. आणि पानावर वाजवण्यापेक्षा मान जिथे संपते तिथे वाजवून बघा, तिथला आवाज गोल येतो. ऐकायचं असेल तर टॉमी जॅरेल, फ्रेड कॉकरहॅम, काइल क्रीड ऐका. उत्तर कॅरोलिनाच्या सरी काउंटीतली राउंड पीकची मंडळी, ताईंच्या घरापासून फार लांब नाही. फिडल आणि बँजो एकमेकांत कसे गुंततात ते तिथे कळतं.

करवंदी:

सगळ्यांचे आभार. पाच आठवड्यांनी परत येतेय, कारण म्हटलं आधी करून बघावं.

दादरा! रेकॉर्डिंग पुन्हा ऐकलं आणि मांडीवर ताल धरला तर खरंच "धा धिं ना". मुलगा बाजूला अभ्यास करत होता, तो म्हणाला मला पहिल्यापासून माहीत होतं. मग सांगितलं का नाहीस तर खांदे उडवले.

पहिले दोन आठवडे नुसतं डबल थंबिंग. कंटाळा इतका की कुकरच्या शिट्ट्या मोजत वाजवलं. तिसऱ्या आठवड्यात दोनवरचा अंगठा गप्प केला आणि ती रिकामी मात्रा हाताला *जाणवली*. पायरी उतरताना एक पायरी जास्त असेल असं वाटतं आणि जमीन लागते, तसं काहीतरी. अंगठा टेकवल्याने तारेचा बारीक कंप अंगठ्याच्या बाजूला लागतो, तोच आता माझा ताल आहे, मोजावं लागत नाही.

प ध नि ध प म ग एका संध्याकाळी निघालं. टॅबमध्ये चार महिने जे जमलं नव्हतं ते. मग हौसेने दुसरी तार अर्धा सूर चढवून ग चा म केला, ती सॉमिल ट्यूनिंग. सा, मंद्र प, सा, म, प. ग कुठेच नाही. नुसत्या मोकळ्या तारा झाडल्या आणि अंगावर काटा आला, संध्याकाळी सहाला स्वयंपाकघरात.

परवा जॅमला गेले. वर्तुळाच्या बाहेरच्या खुर्चीवर बसले, आवाज बारीक ठेवला. शेवटच्या फेरीला फिडलवाले काका बूट वर उचलतात आणि सगळे एकदम थांबतात. मी एकटीच अर्धी फेरी पुढे गेले, पण त्या क्षणापर्यंत बरोबर होते. बुटाच्या बाई माझ्याकडे बघून नुसती मान हलवून गेल्या, वरून खाली, आडवी नव्हे.

नख पुन्हा तुटलं. पार्लरचं बघते.

एक नवी अडचण. ए साठी पाचवी तार खुंटी पिळून चढवते, ती आतापर्यंत दोनदा तुटली. दुसऱ्यांदा गालाला लागली. तुम्ही सगळे हेच करता का?

उलटी_मूठ:

वा! आडवी नव्हे हे आवडलं.

नाही, पिळून नका चढवू. वाद्यवाले सातव्या पडद्याशी पाचव्या तारेच्या बाजूला एक इवलासा खिळा ठोकतात, खेळण्यातल्या आगगाडीच्या रुळांचा. तार त्याच्याखाली अडकवली की दोन पडदे वर, काढली की परत जी. नवव्या पडद्याशीही एक घालून घ्या, पुढे लागेल. खिळे हॉबीच्या दुकानात मिळतात, पण ते स्वतः घरी ठोकू नका. भोक आधी बारीक ड्रिलने पाडावं लागतं, नाहीतर फिंगरबोर्ड चिरतो. आजोबांचा बँजो आहे. आणि त्याआधी सातव्या पडद्याशी नीट बोट फिरवून बघा, आजोबा वाजवत होते म्हणजे खिळा आधीच असण्याची शक्यता बरीच आहे.

करवंदी:

आहे. धुळीत गेला होता, काळा पडलाय. नऊ महिने मला वाटत होतं तो डाग आहे.