चेहरा न दाखवता गे-लेस्बियन जोड्यांचं फोटो प्रदर्शन, सांगलीत जमेल का?

शटर_अर्धं_खाली (सांगली)

नमस्कार मंडळी, मी लग्नाचे फोटो काढतो, १४ सीझन झाले. विषय जरा वेगळाय, पूर्ण वाचा मग काय शिव्या द्यायच्या त्या द्या.

तीन वर्षांमागं एका लग्नात नवरीचा भाऊ लई राबत होता, ग्रुप फोटोला कोण स्टेजवर चढलं कोण राहिलं सगळा हिशोब त्याच्याकडं. नंतर अल्बम न्यायला आला तर बरोबर एक मित्र, पैसे दिले, अल्बम पिशवीत घातला तरी दोघं काही जाईनात. शेवटी म्हणाला, दादा आमचा दोघांचा एक काढता का, चांगला, लाइट वगैरे लावून. मी म्हटलं पासपोर्ट का? तर म्हणतोय नाही, जोडीचा. मला कळायला अर्धा मिनिट गेला. मग शटर अर्धं खाली ओढलं आणि काढला.

तेव्हापासून एकाकडून एक करत लोक येत गेले, मिरज, तासगाव, दोघी बायका तर पार विट्याहून आल्या. आता २३ फोटो निवडून ठेवलेत आणि त्यांच्यातलेच काही म्हणायलेत की प्रदर्शन करूया, अट एकच, चेहरा दिसता कामा नये.

मला वाटलं सोप्पंय, हात काढू, पाठमोरं काढू. एक फोटो नुसत्या दोन हातांचा आहे, आयर्विन पुलाच्या कठड्यावर, संध्याकाळचा. टेस्ट प्रिंटला एका लॅबमध्ये दिला तर तिथला पोरगा प्रिंट कापता कापता सहज म्हणतोय, "हा अमक्याचा हात नव्हं? लेथवर बोट गेलेलं?" करंगळीचं वरचं पेर नाही त्याच्या. आणि खरं सांगू का, त्या बोटामुळंच मला तो फोटो आवडला होता. कॅलेंडरसाठी काढलाय म्हणून थाप मारली आणि घरी आलो, रात्रभर झोप नाही.

आता प्रश्न. डोळ्यावर काळी पट्टी मारली की पेपरातल्या चोरासारखं दिसतंय, ब्लर केलं की बातमीसारखं. ओळख तर लपली पाहिजे पण लाज वाटतीय म्हणून लपवलंय असं दिसायला नको. कसं करावं? आणि लावायचं कुठं? एका हॉलवाल्यांना विचारलं, विषय सांगेपर्यंत तारखा होत्या, सांगितल्यावर संपल्या.

कॅनव्हास_कोपरा (पुणे, मूळ सातारा)

भावा आधी तुझं कौतुक. तुझ्या अडचणीतून एक माणूस आधीच गेलाय, फोटोग्राफर सुनील गुप्ता. जन्म दिल्लीचा, १९५३ चा, पुढं कॅनडा मग लंडन. १९८६-८७ ला दिल्लीत येऊन त्यांनी 'एक्झाइल्स' नावाची मालिका केली. तेव्हा कलम ३७७ लागू होतं, म्हणजे असे संबंध कायद्यानं गुन्हा, त्यामुळं इंडिया गेट, हुमायूनचा मकबरा अशा नेहमीच्या जागी माणसं ठरवून उभी केली, बऱ्याच फोटोंत चेहरा वळलेला नाहीतर फ्रेमच्या बाहेर, आणि सोबत त्या लोकांच्या बोलण्यातली वाक्यं. ती वाक्यं काढून टाकली तर कुणीतरी दोघं बागेत बसलेत एवढंच उरतं. त्यामुळं तुझे २३ फोटो आहेत तशी २३ बोलणीपण गोळा कर. ओळ त्यांच्याच तोंडची घे, तू सजवू नको.

याच गुप्तांनी २० वर्षांनी, २००७ पासून, दिल्लीतच 'मिस्टर मल्होत्राज पार्टी' केली. त्यात लोक भर रस्त्यात कॅमेऱ्यात थेट बघतायत, खऱ्या नावासकट. नाव असं का, तर पबमधल्या गे पार्ट्यांना बाहेर कुणातरी काल्पनिक माणसाच्या खासगी पार्टीची पाटी लागायची. तेव्हा ३७७ सैल करणारा दिल्ली हायकोर्टाचा २००९ चा निकालसुद्धा यायचा होता बरं का. म्हणजे पाठमोरे फोटो काढलेस म्हणून तू भित्रा ठरत नाहीस, आज जे शक्य आहे ते कर.

दक्षिण आफ्रिकेतल्या फोटोग्राफर झनेले मुहोलींची 'फेसेस अँड फेजेस' पण बघ, २००६ पासून चालूय, काळ्या लेस्बियन बायका आणि ट्रान्स लोकांची ब्लॅक अँड व्हाइट पोर्ट्रेट, खाली नाव, गाव, साल. तिथं चेहरा दाखवणं हाच मुद्दा आहे. तुझ्याकडं तसं कुणी तयार असेल तर एखादाच ठेव, पण त्याला भरीला घालू नको.

हॉलचं सोड. तू करिझ्मा अल्बम बनवतोसच की. तसाच एक बनव, ज्याला बघायचाय त्याच्या घरी जाऊ दे. सांगलीत लग्नाचा अल्बम बघायला कुणी नाही म्हणत नाही.

स्पष्ट_बोलतो_राग_नको (मिरज)

मी विरोधात नाही पण मित्र म्हणून सांगतो, ऑर्डरी जातील. आपल्याकडं लग्नाची ऑर्डर फोटो बघून मिळत नाही, कुणीतरी मामा सांगतो म्हणून मिळते आणि तो मामा एकदा बिथरला की संपलं. ज्याचं त्यानं घरात काय ते करावं, भिंतीवर कशाला लावायचं?

कॅनव्हास_कोपरा (पुणे, मूळ सातारा)

भूपेन खख्खर माहितायत का? बडोद्याचे चित्रकार, पेशानं चार्टर्ड अकाउंटंट, म्हणजे पोट भरायचा धंदा त्यांचाही वेगळाच होता. १९८१ चं त्यांचं 'यू कान्ट प्लीज ऑल' चित्र बघा. बाल्कनीत एक उघडा माणूस पाठमोरा उभाय आणि खाली रस्त्यावर आपली ती बाप, लेक आणि गाढवाची गोष्ट चाललीय. तुमचा मामा त्याच गोष्टीतला आहे. ते चित्र आज लंडनच्या टेट म्युझियमकडं आहे, आणि मिरजेच्या मामाला न विचारता काढलेलं आहे 😄

कंदीपेढा_कमी_साखर (सातारा)

मी स्वतः गे आहे, घरी माहीत नाही, म्हणून बारीक लिहितो, दादा मनावर घ्या. चेहरा ही शेवटची गोष्ट झाली. गाडीची नंबर प्लेट, हेल्मेटवरचा स्टिकर, खिडकीचं ग्रिल, जिन्याचा रंग, यावरून माणूस आधी सापडतो. आणि शर्ट! माझे सगळे शर्ट आईला पाठ आहेत, इस्त्रीला तीच देते. त्यामुळं कपडे तुमच्या स्टुडिओतले घाला.

दुसरं, पुरानंतर सगळे फोटोग्राफर क्लाउडवर गेलेत, तुम्हीपण असाल. तिथं फोटो आपोआप चढतात आणि चेहऱ्यानुसार गटसुद्धा पडतात, ते फोल्डर आधी बंद करा. फोटोत लोकेशन असतं ते पुसा. व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर ती माहिती तशीच पुढं जाते. आणि संमतीचा कागद घेणार असाल तर त्यावर नाव आलं, म्हणजे तो कागदच फोटोपेक्षा धोक्याचा, तो कुठल्या कपाटात राहणार हे ज्याचा आहे त्याला विचारा. उद्या कुणी फोटो मागं घेतो म्हटला तर का म्हणून विचारू नका.

प्रिंट कोल्हापुरात काढा असं कुणीतरी म्हणेलच. कोल्हापुरात पण आमचे पाहुणे आहेत 😅 घरी इंकजेट घ्या.

आता माझ्या डोक्यातली एक आयडिया. तुम्ही लग्नाचे फोटोग्राफर ना, मग अंतरपाट वापरा की. चेहरा झाकायला आपल्याकडं इतकं साधं कापड असताना ब्लर कशाला. अलीकडं एक, पलीकडं एक, मध्ये अंतरपाट, दिसतील फक्त पाय आणि हातातल्या माळा. चपला काढायला लावा, माझ्या चपलेचा अंगठा तुटलाय ते अख्ख्या गल्लीला माहिताय.

स्पष्ट_बोलतो_राग_नको (मिरज)

आता अंतरपाट पण? १७ ऑक्टोबर २०२३ ला सुप्रीम कोर्टानं असल्या लग्नाला मान्यता दिलेली नाही, माहीत आहे ना?

कंदीपेढा_कमी_साखर (सातारा)

माहीत आहे साहेब. म्हणून तर फोटोत तो धरलेलाच राहतोय, खाली कोण घेणार.

शटर_अर्धं_खाली (सांगली)

कंदीपेढा, मित्रा, १४ वर्षं मी तो कपडा बाजूला व्हायची वाट बघत कॅमेरा धरून उभा असतो, कारण पैसे त्या पुढच्या क्षणाचे असतात. खुद्द कापडाचा एकही फोटो माझ्याकडं नाही. आज जुने कार्ड काढून बघितले, खरंच नाही.

क्लाउडचं बरोबर ओळखलंत, २०१९ ला स्टुडिओत कमरेएवढं पाणी होतं तेव्हापासून सगळं वर चढवतो. बंद केलं. बोटाचा फोटो पण काढून टाकला, त्याला फोन करून सांगितलं, तर म्हणतोय मला एक प्रिंट दे, कपाटात ठेवतो.

मिरजकर, दोन ऑर्डरी ऑलरेडी गेल्यात, तुम्ही म्हणता तसं मामाच निघाला.

हळद_कुंकू_चहा (सांगली)

मी इथं फक्त वाचते, लिहीत नाही. वय ६२. आमच्या हॉलमध्ये एक भिंत आहे, तिच्यावर सगळ्यांच्या लग्नाचे फोटो, दिराचा, नणंदेचा, माझ्या लेकाचा, भाच्यांचे. लेकीचा फोटो पण आहे, दहावीचा, बक्षीस घेतानाचा, दोन वेण्या. ती आता ३४ वर्षांची आहे, पुण्यात असते, मैत्रिणीबरोबर राहते असं आम्ही सांगतो. नऊ वर्षं झाली दोघींना. दिवाळीला दोघी येतात, ती पोरगी माझ्याबरोबर चकल्या पाडते, माझ्यापेक्षा सुबक पाडते. पण भिंतीवर लावायला फोटो कुठला लावायचा हे ठरेना म्हणून दहावीचाच राहिला. पाहुणे विचारतात, हिचा अलीकडचा नाही का?

तुम्ही त्या भिंतीचा फोटो काढा, चेहरे सगळे झाका, फक्त दोन वेण्या राहू देत, तिला मी विचारलंय, चालेल म्हणाली.

आणि अंतरपाट आमच्याकडं आहे, लेकाच्या लग्नातला, कुंकवाचं स्वस्तिक काढलेला, एका कोपऱ्याला तुपाचा डाग आहे, दोनदा धुतला तरी जात नाही. तो घेऊन येते. एक टोक मी धरेन, माझा चेहरा दिसला तरी चालेल. दुसरं टोक कोण धरणार ते तुम्ही बघा, माणूस जरा उंच हवा, माझे हात आता फार वर जात नाहीत. आणि शनिवार सोडून सांगा, शनिवारी ह्यांचे भजनवाले येतात.