हातचा विसरतो म्हणून पाढे पाठ करून घ्यायचे का?

रानजाई

मुलगी चौथीत आहे. परवा 47 गुणिले 6 करत होती. सहाचा पाढा पाठ नाही, म्हणून बोटांवर सहा, बारा, अठरा करत बेचाळीसपर्यंत पोचली. दोन मांडले, "हातचे चार" म्हणाली. मग पुन्हा बोटं: सहा, बारा, अठरा, चोवीस. आणि लिहिलं 242. हातचे कुठे गेले विचारलं तर तिने मनापासून आठवून पाहिलं. काहीच आठवेना. गुणाकार म्हणजे काय हे तिला कळतं, मणी मांडून दाखवते. तरी उत्तर चुकतं.

पालकसभेत सांगतात, "घोकंपट्टी नको, समजून शिकू द्या." मला हे अर्धवट वाटतं.

काम चालू असताना डोक्यात तात्पुरतं जे धरून ठेवावं लागतं, त्याला मानसशास्त्रात वर्किंग मेमरी म्हणतात. ती फार लहान असते आणि गळकीही. 1959 साली लॉइड आणि मार्गारेट पीटरसन यांनी लोकांना तीन अक्षरं ऐकवली आणि लगेच एका आकड्यापासून तीन-तीनने उलटं मोजायला लावलं. मनात उजळणी करायला फुरसत नाही, त्यामुळे 18 सेकंदांत बहुतेकांची अक्षरं पुसली गेली. तीनच अक्षरं, आणि ही सगळी मोठी माणसं!

माझी मुलगी नेमकं तेच करत होती. 'हातचे चार' धरून ठेवायचे आणि त्याच वेळी सहा-सहाने मोजायचं. "सहा चोक चोवीस" तोंडात असतं तर हातचा कुठेही गेला नसता. म्हणून मी पाढे पाठ करून घेणार आहे, रोज संध्याकाळी. तुमचं काय मत?

फळा_खडू

ताई, एकोणीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतोय. माझा ठाम विरोध आहे.

तिसापर्यंत पाढे खडाखडा म्हणणारी पोरं दरवर्षी येतात. "सात आठे किती?" म्हटलं की ओठ हलायला लागतात: सात एके सात, सात दुणे चौदा... छप्पन्नपर्यंत चालत जातात. मधूनच कुठे शिरता येत नाही. पाठ झालेली असते चाल, त्यातला आकडा नव्हे. मग तुमच्या मुलीच्या बोटांत आणि या ओठांत फरक काय? हातचा तिथेही सांडतोच.

दुसरं, हातचा डोक्यात ठेवायला लावताच कशाला? वर बारीक अक्षरात लिहू द्या की.

आणि तिसरं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. पाढे म्हणायला उभं केलेल्या पोराचे तळहात मी पाहिलेत, घामाने ओले. 2001 मध्ये मार्क अ‍ॅशक्राफ्ट आणि एलिझाबेथ कर्क यांनी दाखवलं की गणिताची धास्ती असलेल्यांची वर्किंग मेमरी गणित करताना कमी पडते. धास्तीच ती जागा व्यापते. तुम्ही जी जागा मोकळी करायला निघालात, तीच भीतीने भरून टाकाल.

परवचा

आम्ही दिवेलागणीला शुभंकरोति झालं की पाढे म्हणायचो, पावकी-निमकीसकट, म्हणजे पाव आणि अर्ध्याचे पाढेसुद्धा. भीती बिती काही नव्हती. आज सत्तरीत भाजीवाल्याआधी माझा हिशोब होतो. सर, तळहात ओले होतात ते छडीमुळे. पाढ्यांना का दोष देता?

फळा_खडू

आजी, तुमचं जमलं. ज्यांचं जमलं नाही ती माझ्या वर्गातून सातवीनंतर निघून गेली, ती इथे लिहायला येत नाहीत.

कट्टेकरी

एक वेगळा मुद्दा. मराठीत आकड्यांची नावंच अवघड आहेत. त्रेसष्ठ म्हणताना तीन आधी, लिहिताना सहा आधी. एकोणपन्नासमध्ये तर चारही नाही, नऊही नाही. चिनी भाषेत अकरा म्हणजे सरळ 'दहा एक', आणि अकरा ते वीस मोजताना चिनी मुलं अमेरिकी मुलांपेक्षा कमी अडखळतात असं दिसून आलंय. जर्मनमध्ये आपल्यासारखाच एकक आधी; तिथली लहान मुलंही आकडे उलटे लिहितात. 2019 मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक', 'साठ तीन' आणलं तेव्हा केवढा गदारोळ झाला! मला तो बदल योग्यच वाटला होता. पाढ्याआधी संख्यानामं पक्की करा.

रानजाई

कट्टेकरी, 'साठ तीन' मलाही पटलं होतं. पण "सात नव्वे" म्हटल्यावर "त्रेसष्ठ" आपोआप येतं, तेव्हा ते नाव सोडवत बसावं लागत नाही. भाषा अवघड आहे म्हणून तर पाठ हवं.

सर, चाल पाठ होते हे तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. पण त्यावर उपाय पाठांतर सोडणं नाही, आडवंतिडवं विचारणं आहे. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांचा 2006 चा एक प्रयोग आहे. उतारा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवलं, पण आठवड्यानंतर पुढे गेले ते न बघता आठवून पाहणारे. म्हणजे म्हणून घेण्यापेक्षा विचारणं पक्कं.

हातचा लिहील, कबूल. पण 42/56 ला संक्षिप्त रूप द्यायचं असेल तेव्हा काय लिहिणार? सातचा पाढा ज्याच्या अंगात मुरलाय त्याला तिथे सात दिसतो. बाकीच्यांना नुसते दोन आकडे दिसतात. कागद तो सात दाखवत नाही.

आणि धास्तीबद्दल: मानसशास्त्रज्ञ सायन बायलॉक यांनी 2004 मध्ये कॉलेजच्या मुलांवर दडपण आणून गणितं करून घेतली. डोक्यात बरंच धरून ठेवावं लागणारी नवी गणितं चुकली. पण तीच गणितं इतकी घोटून घेतली की उत्तर थेट आठवावं, तेव्हा दडपणाखालीही ती चुकली नाहीत. म्हणजे पाठ असणं हाच भीतीवरचा आधार होऊ शकतो.

फळा_खडू

घोटून झाल्यावर, ताई. माझं भांडण घोटण्याच्या त्या महिन्यांशी आहे. कॉलेजचा मुलगा प्रयोगाला स्वतःहून येतो. नऊ वर्षांची पोर आईसमोर बसते, आणि आईचा चेहरा वाचते.

आडवंतिडवं विचारा, माझी ना नाही. पण मिनिटं लावून विचारू नका. आणि "सात आठे" अडलं तर छप्पन्न सांगून मोकळ्या होऊ नका. सात साते एकोणपन्नास येतं ना? त्यात सात मिळव म्हणा. दोन वेळा अशी चढली की तिसऱ्यांदा तिला चढावं लागत नाही. याला मी पाठांतर म्हणत नाही.

रानजाई

मी म्हणते.

जुन्या लग्नपत्रिकांच्या पाठीवर चिठ्ठ्या केल्यात, एका बाजूला 6×7, दुसऱ्या बाजूला 42. काल ओट्यावरचं टायमरचं घड्याळ घेऊन बसले होते, तुमचं वाचून ते आत ठेवलं. आज अकरा चिठ्ठ्या झाल्या. "सहा आठे"ला अडली, बेचाळीसवरून चढून अठ्ठेचाळीसला आली. बोटं लागलीच, पण सहाच.

परवचा

निमकीसुद्धा शिकव गं तिला.