मदत हवी आहे : सरांच्या जुन्या एरोसोल नोंदी आणि नवं उपकरण, मालिका जोडता येईल का?

नमस्कार मंडळी,

मी कोल्हापुरात पदवीच्या वर्गांना भौतिकशास्त्र शिकवते. आमच्या विभागातले एक सर निवृत्त होताना नोंदवह्यांचा गठ्ठा माझ्या हवाली करून गेले. आभाळ निरभ्र असलं की गच्चीवर जायचं, उन्हाची तीव्रता मोजणारा सन फोटोमीटर सूर्यावर रोखायचा आणि रीडिंग उतरवून ठेवायचं, हे काम त्यांनी वर्षानुवर्षं केलं. उपकरण विभागातच जुळवलेलं, ठरावीक तरंगलांबीचाच प्रकाश आत सोडणाऱ्या दोन फिल्टरचं. आता आमच्याकडे मायक्रोटॉप्स हा हातात धरायचा तयार सन फोटोमीटर आहे. त्याची एओडी, म्हणजे हवेतल्या कणांनी (एरोसोलनी) वरपासून खालपर्यंत किती ऊन अडवलं त्याचं माप, सरांच्या आकड्यांपेक्षा सरसकट जास्त येते. हवा खरंच तेवढी गढूळ झाली, की उपकरण बदललं म्हणून आकडा बदलला?

वाढ खरी असू शकते. हवेच्या गढूळपणाचा देशपातळीवरचा अभ्यास हवामानशास्त्रज्ञ ॲना मणी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ सालीच प्रसिद्ध केला होता. १९८० च्या दशकात इस्रोने एरोसोल मोजणाऱ्या केंद्रांचं जाळं उभारायला सुरुवात केली, ते आज आर्फीनेट म्हणून ओळखलं जातं. काही केंद्रांच्या नोंदी पंचवीसेक वर्षं मागे जातात. त्या सगळ्या एकत्र करून २०१३ मध्ये जो निष्कर्ष आला तो असा: एओडी वाढते आहे, आणि डिसेंबर ते मार्च या कोरड्या महिन्यांत ती सगळीकडे ठळकपणे वाढते. एप्रिल-मे आणि पावसाळ्यात मात्र कल क्षीण आणि ठिकाणागणिक वेगळा.

आता आमच्याकडे डिसेंबर ते मार्च म्हणजे ऐन गाळप हंगाम. पेटवलेले फड, जाळलेलं पाचट, गुऱ्हाळांची चुलाणं, शिवाय शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्या. त्यामुळे ‘वाढ झाली’ हे उत्तर इतकं पटण्यासारखं आहे की कुणी तपासायलाच जाणार नाही, आणि मला तीच धास्ती आहे. मुलं यावर प्रकल्प लिहिणार आहेत. चुकीचा आकडा त्यांच्या हातून बाहेर जाऊ नये.

शहरात पीएम १०, म्हणजे हवेतले बारीक धूलिकण, मोजणारी केंद्रं आहेत, पण ती जमिनीलगतची हवा ओढून फिल्टरवरच्या धुळीचं वजन करतात. हिवाळ्यात हवेचा मिसळणारा थर खाली बसतो, तेव्हा खालचा आकडा चढतो आणि वरच्या साऱ्या स्तंभातले कण तेवढेच राहू शकतात. म्हणून ते आकडे इथे थेट चालणार नाहीत. जुनं उपकरण आता बंद आहे, दोन्ही शेजारी ठेवून ताडून बघायची सोय उरलेली नाही. कुणी अशी मालिका जोडली आहे का?

वातकुक्कुट
ताई, आधी एकच सांगा. वह्यांत सरांनी नुसती एओडी लिहिली आहे, की मिलिव्होल्ट आणि वेळही आहे? सगळं त्यावर अवलंबून आहे.

धागाकर्ती
मिलिव्होल्ट आहेत, घड्याळाची वेळ आहे. हिवाळ्यातल्या बऱ्याच दिवशी सकाळी सूर्य वर आल्यापासून दुपारपर्यंत ओळीने रीडिंग आहेत.

वातकुक्कुट
मग तुमच्या हातात सोनं आहे! त्या सरांना माझा नमस्कार सांगा.

लँग्ली पद्धत काढा. प्रत्येक वेळेसाठी सूर्याची उंची आणि त्यावरून वायुभार, म्हणजे किरण हवेच्या किती पट जाडीतून आला ते. मिलिव्होल्टचा नॅचरल लॉग विरुद्ध वायुभार असा ग्राफ काढला की स्लोप हीच त्या दिवसाची एकूण ऑप्टिकल डेप्थ, म्हणजे कण आणि हवा दोन्हींनी मिळून अडवलेल्या उन्हाचं माप. फिल्टर म्हातारा झालेला असला तरी स्लोप बिघडत नाही, बिघडतो तो इंटरसेप्ट, म्हणजे वायुभार शून्य धरला तर रेषा जिथे पोचते तो आकडा. इस्रोच्या तिरुवनंतपुरमच्या अवकाश भौतिकी प्रयोगशाळेने देशभर बसवलेले जुने मल्टी-वेव्हलेंग्थ रेडिओमीटर याच तत्त्वावर चालायचे, म्हणून इतक्या वर्षांची मालिका उभी राहिली.

एकूण आकड्यातून रेलीचा वाटा, म्हणजे हवेच्या रेणूंनीच विखुरलेलं ऊन, वजा करा. ५०० नॅनोमीटरला समुद्रसपाटीवर तो साधारण ०.१४, कोल्हापूरच्या हवेच्या दाबाप्रमाणे थोडा कमी.

आणि इंटरसेप्ट फेकून देऊ नका. सूर्य जानेवारीत जवळ आणि जुलैत लांब असतो, त्यामुळे उन्हात जवळपास ७ टक्के फरक पडतो. तेवढी दुरुस्ती करून इंटरसेप्ट तारखेनुसार मांडले तर फिल्टर कसा उतरत गेला ते दिसेल. मग ज्या दिवशी एकच रीडिंग आहे तो दिवसही वाचवता येईल. फिल्टर उतरला असेल आणि सर इंटरसेप्टवरून ठरवलेला जुनाच स्थिरांक वापरत असतील, तर त्यांची एओडी खऱ्यापेक्षा जास्त आलेली असणार. तसं असेल तर वाढ तुम्हाला वाटते त्याहून मोठी निघेल.

रंकाळाकाठ
एक सावधगिरी. आपल्याकडे दिवस चढेल तशी जमिनीलगतची धूळ-धूर वर मिसळतो, ढगाळी नसली तरी हवा सकाळभर एकसारखी राहत नाही. ग्राफ सरळ दिसतो आणि स्लोप चुकतो. ज्या दिवशी बिंदू रेषेपासून हलतात तो दिवस निर्दयपणे गाळा. पुढच्या हिवाळ्यात मायक्रोटॉप्स पन्हाळ्यावर नेऊन दोन-चार स्वच्छ सकाळी लँग्ली करा, तिथे खालचा धूर पुष्कळसा पायाखाली राहतो. त्याची काच आधी नीट पुसा, काचेवरची धूळ एओडीत मोजली जाते. स्थिरांकात ५ टक्के चूक असेल तर डोक्यावरच्या उन्हात एओडी ०.०५ ने चुकते, कल ठरवताना ती लहान नाही.

ताडून बघायला पुण्याच्या एरोनेट (सन फोटोमीटरांचं जागतिक जाळं) केंद्राच्या २००४ पासूनच्या नोंदी मोफत मिळतात. आकडा सारखा येणार नाही, पण कुठलं वर्ष चढं आणि कुठलं उतरतं हे जुळायला हवं.

धागाकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. आज एका वहीतल्या एका सकाळचे बिंदू हाताने काढून बघितले, रेषा चांगली सरळ आली. सरांना फोन केला तेव्हा कळलं की घड्याळ ते रोज आकाशवाणीच्या वेळेला लावत असत, त्यामुळे वेळेवर भरवसा ठेवायला हरकत नाही.

दोन गोष्टी अजून हव्या आहेत. मधल्या एका वर्षी एक फिल्टर बदलल्याची नोंद आहे, पण नव्या फिल्टरची तरंगलांबी लिहिलेली नाही. इंटरसेप्टमधली उडी दिसेल, पण तरंगलांबी किती सरकली ते स्लोपवरून ओळखता येईल का? आणि सांगली-कोल्हापूर भागात कुणाकडे चालू सन फोटोमीटर असेल तर डिसेंबरात पन्हाळ्यावर आमच्या शेजारी उभा करायला आणाल का? ने-आण आणि जेवणखाण आमच्याकडे.